मांजराला जोडाक्षर जमत नाही

प्रिय अक्का,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली. शाळेत मुलींनी निबंधात असला प्रकार केला, की दहापैकी चारच्या वर गुण देत नसे. पण चार दिवसांपूर्वी तुझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाचा खण आवरताना एक कागद सापडला. तेव्हापासून तुझ्याशी भांडायचंय, आणि तू तर निघून गेलीस.

तुझा रेवण कॉम्प्युटर भंगारात द्यायला निघाला होता. म्हणे, मावशी, आता कोण बसणार त्याच्यापुढं? निम्म्या लातूरच्या लग्नपत्रिका त्याच्या आईने त्यावर जुळवल्या, आणि हा भंगारवाल्याला फोन करतो! माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. कॉम्प्युटर अजून जागेवर आहे, एवढंच सांगते.

त्यावर तुझी मिरी बसायची. काळी, मिऱ्याएवढीच तिखट. तू कामाला बसलीस की ही कुठूनही हजर. आधी त्या गरम डब्यावर, मग हळूच कीबोर्डवर. पडद्यावरचा बाण हलला की पंजा मारायचा, आणि तू हसायचीस. मला संताप यायचा. नांदेडहून महिनाभर राहायला आले होते, तेव्हा मी तिच्याविरुद्ध मोहीमच काढली. वासाने दूर राहील म्हणून कीबोर्डभोवती संत्र्याच्या साली पसरल्या, त्या तू गुपचूप उचलल्यास. कीबोर्डवर परात उपडी घातली, तर बाईसाहेब परातीवर जाऊन बसल्या.

मी म्हणायचे, मांजराला ऊब लागते, म्हणून ते तिथे जातं. तू शेंगा सोलता सोलता म्हणालीस, "विजे, तिला कॉम्प्युटरचं काय पडलंय? मी जिकडं बघती तिकडं ती येऊन बसती."

मला ते लाडावलेलं बोलणं वाटलं. माझी जीभ तुला माहीत आहे. तुला दुसरं कोणी बघणारं राहिलं नाही का, असं मी विचारलं. तुला विधवा होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. तू शेंगा सोलत राहिलीस.

त्याच दिवसांत देवणीकडच्या घरची पत्रिका आली. नवरीच्या आजीचं नाव सगळ्यांत वर, निमंत्रक म्हणून. छापून आली तेव्हा त्यात 'गंगव्वा'च्या जागी 'गंगवा' होतं. मुलीचे काका तुझ्या दारात उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. म्हणाले, "ताई, आमच्या आईला लिहायवाचायला येत न्हाई. सहीपुरतं नाव शिकलीय. पत्रिकेत तिला वाचता येईल असा एकच शब्द होता."

मी पुढे झाले. तुझी बाजू घ्यायला नव्हे, माझा मुद्दा सिद्ध करायला. मांजर कीबोर्डवर चालतं, मी कधीची सांगतेय, पण ऐकतं कोण? असं त्यांच्यासमोर म्हटलं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि त्यांना हात जोडलेस. पुढच्या आठवड्यात रेवण मिरीला टोपलीत घालून शिरूर अनंतपाळला, त्याच्या सासुरवाडीला सोडून आला. छापखान्याकडून काम येणंही कमी होत होत थांबलं. मी तोवर निर्धास्तपणे नांदेडला परतले होते.

आता तो कागद. त्याच पत्रिकेचं पहिलं प्रूफ, मीच तपासून दिलेलं आणि मग साफ विसरलेलं. तुझ्या हातून 'गंगव्वा' अगदी बरोबर उमटलंय. त्यातल्या अर्ध्या 'व'वर लाल रेघ आहे, आणि समासात माझ्या अक्षरात एकच शब्द: 'मांजर'.

त्या सकाळी मिरीला कीबोर्डवरून उचललं, तेव्हा पडद्यावर वववववव अशी रांग होती. मी ठरवून टाकलं, की हाही तिचाच पराक्रम. अक्का, मांजर कळ दाबून ठेवेल आणि शंभर व उमटवेल. पण आधी व, मग त्याचा पाय मोडायची कळ, मग पुन्हा व? मांजराला जोडाक्षर जमत नाही, हे तीस वर्षं शिकवलेल्या बाईला सुचू नये? आपल्या भागात घरोघरी नागव्वा, गंगव्वा असताना?

आणि तू? तुला ते नाव माहीत होतं. मग मुकाट्याने तो व का काढलास? मला विचारलं का नाहीस? की विचारलं होतंस, आणि मीच तुला गप्प केलं? मला आठवत नाही. तेच सगळ्यात जास्त टोचतंय. मी कॉन्व्हेंटात शिकले आणि तू सातवीनंतर घरी बसलीस, याचा इतका धाक जन्मभर बाळगायचा? कागद जपून ठेवलास, पण माझ्या तोंडावर फेकला नाहीस. असला चांगुलपणा मला परवडत नाही ग.

काल शिरूरला गेले, मिरीला आणायला. रेवणच्या सासुरवाडीत ती आठवडाभरही टिकली नव्हती. स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या नंदाबाईंच्या दुकानात ती राहते. त्यांच्या कोपराला लागून एक पुठ्ठ्याचं खोकं, आत जुना टॉवेल, आणि त्यात ही. नंदाबाई म्हणाल्या, "हाकलून थकले बघा. मग हे खोकं ठेवलं. मधूनमधून हात लागला पायजे, बास. मग ती कीबोर्डला शिवत न्हाई."

एवढंच करायचं होतं, अक्का. एक खोकं!

मी तिला न्यायला आलेय म्हटलं. नंदाबाईंनी विचारलं, तुमच्याकडं दिवसभर ती कुणाजवळ बसल? मिरीने माझी पर्स हुंगली आणि परत खोक्यात जाऊन बसली. मी तिला तिथेच ठेवून आले. रागावू नकोस, ती जाड झालीय.

पण तुझ्यावरचा डाग तसाच आहे, आणि तो मला कुठे ठेवून येता येत नाही. रेवणने चौकशी केली. गंगव्वाबाई आहेत, देवणीतच. उद्या सकाळच्या एसटीने जातेय. तो कागद त्यांच्यापुढे धरीन आणि सांगेन, की तुमचं नाव माझ्या बहिणीने नीट लिहिलं होतं, त्यावरची रेघ माझी आहे. मांजराचंही आणि बहिणीचंही नाव मी खोटं घेतलं. तिथून येताना छापखान्यात जाऊन हेच सांगेन, चार माणसांदेखत.

गंगव्वाबाई बोलतील ते सगळं ऐकून घेईन. मध्ये एक शब्द बोलणार नाही. हे वचन मला किती जड आहे, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

तुझी,
विजू