शांताच्या कोंबड्यांचा रिपोर्ट

मंगळवार, १८ नोव्हेंबर. लिंबागणेश.

आज जनावरांचे डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. शांताच्या एकाही कोंबडीच्या रक्तात रोग निघाला नाही. मानेवर पिसंच नसलेल्या, उघड्या मानेच्या म्हाताऱ्या कोंबडीच्याही नाही.

हगवणीच्या साथीत गल्लीतली खुराडी रिकामी झाली, आमच्या कोंबड्या मात्र टिकल्या. तरी डॉक्टर म्हणाले होते की वाचलेली कोंबडीही रोग बाळगून असू शकते, तसं निघालं तर सगळ्या माराव्या लागतील. शांता वारल्यावर आमच्या संसारातलं तिचं हलतंबोलतं एवढंच उरलंय. झोप लागत नव्हती.

साथीतून तगलेली कोंबडी इथे लोक लगेच बाजारात नेतात. शांता नेत नसे. दरवेळी तगलेल्यांचीच अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवायची. डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं सांगत नाही, पण अशानं ती ताकद पिढ्यान्‌पिढ्या रक्तात उतरते. काकूंनी वाणच तयार केला म्हणा."

संध्याकाळी शेजारच्या रुक्मिणवहिनी अंडी मागायला आल्या. "भावजी, त्या उघड्या मानेचीच द्या. दिसायला लई वंगाळ हाय, पण पिल्लं तर जगतील!" शांता असती तर भांडली असती. त्या कोंबडीला नावं ठेवलेली तिला खपायची नाहीत.

अंडी दिली. आता शांताच्या कोंबडीची पिल्लं दुसऱ्यांच्या अंगणातही फिरतील. देवाचे उपकार, आणि शांताचे.

वहिनी गेल्यावर भात टाकला. पुन्हा दोघांचा झाला. उरलेला सकाळी कोंबड्यांना होईल म्हणून झाकून ठेवला.