तिसऱ्या कमानीतली खूण

प्रिय चिमणे,

एकटीच्या हिमतीवर तू बाळ दत्तक घेते आहेस. फोनवर तू विचारलंस, बाळाला आपलं आडनाव लावू ना, आणि मी म्हणालो, बघून सांगतो. तुला मी टाळतोय असं वाटलं असेल. पण मी खरंच बघायला गेलो होतो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पितळी पाटीवर एक वेलांटी कोरायची तरी मी आधी पट्टी लावतो. शाळा अर्ध्यात सुटली, कोरायला कुणी शिकवलं नाही, सगळं स्वतः मोजून शिकलो, म्हणून ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही.

एक गोष्ट मात्र न तपासता मिरवली. नदीवरचा जुना दगडी पूल बांधणाऱ्या मिस्त्रीचं रक्त आपल्यात आहे, म्हणून आपलं आडनाव पाथरवट, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलो. पाटी बाजूला राहायची, पूल आधी.

मिस्त्रीच्या थोरल्या मुलाच्या वंशातल्या एक आत्या अजून आहेत. नव्वदीच्या घरात, पण जीभ पटाशीसारखी. आपला पूर्वज म्हणजे मिस्त्रीचा धाकटा, असं मी म्हणताच हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अहो, तो चुन्याच्या ढिगाशेजारी टोपलीत सापडलेला! आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हालाच कसं कोणी सांगितलं नाही?" मी पुरावा मागितला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिसऱ्या कमानीखाली जा. आणि तोंड मिटून बघा."

त्यांनीच रीत सांगितली. दगड घडवणारा प्रत्येक जण त्यावर आपली खूण कोरी. मजुराची खूण त्याची त्याची. मिस्त्रीच्या घरची खूण त्रिकोण. त्यात थोरल्याची एक रेघ, मधल्याच्या दोन. मुलगा हाताशी आला की त्याची पहिली खूण बाप स्वतः कोरून देई. उपऱ्याला ती मिळत नसे.

पाणी उतरलं होतं. गुडघाभर चिखलात उभा राहून मी शेवाळ खरवडलं. शेजारी शेजारी तीन दगड. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. मी भिंग लावलं. पहिल्या दोन खुणांत मिस्त्रीची छिन्नी डाव्या कोपऱ्यात किंचित घसरलेली. हाताची खोड, लपत नाही. तिसऱ्या त्रिकोणातही तीच घसर. तिसरी खूणही बापानेच कोरली होती. मी कॅलिपरने खोली मोजली. केसाचाही फरक नाही.

घरी येऊन कॅलिपर पुसत बसलो. इतकी वर्षं मिरवलेलं रक्त आपलं नव्हतंच, खूण मात्र बापाने दिलेली होती. तुझी आई चिखलाचे बूट उचलत म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या मागे महिनाभर हिंडलात. तिकडे जिवंत पोर उत्तराची वाट बघतंय."

म्हणून हे पत्र. सोबतच्या पुडक्यात तुझ्या दारासाठी पाटी आहे. वरच्या ओळीत तुझं पूर्ण नाव. खालच्या ओळीत उजवीकडे 'पाथरवट' कोरलंय, त्या तिसऱ्या खुणेच्याच खोलीचं, मोजून घे. त्याच्या डावीकडची जागा कोरी ठेवली आहे. बाळाचं नाव काय ठेवतेस ते कळव. छिन्नी घेऊन मीच येतो. पहिली खूण घरातल्या माणसानेच कोरायची असते.

तुझाच, पट्टी लावून उत्तर देणारा,
बाबा