ताईशी झालेलं भांडण

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतोय? जिने चढू नकोस असं लिहिणार होते, पण तू कुठली ऐकतेस!

फोन सोडून हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं वाटेल तुला. अगं, फोनवर बोलायची सोयच राहिली नाही. मी फोन हातात घेतला की हे पेपर खाली ठेवतात आणि छोटी टीव्हीचा आवाज कमी करते. घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

गेला आठवडाभर सकाळचा चहा हे करतात. ज्या माणसाला साखरेचा डबा कुठला ते लग्न झाल्यापासून माहीत नव्हतं, तो माणूस विचारतो, ‘आलं टाकू का?’ परवा छोटीने न सांगता आपलं ताट घासलं. मी आडून आडून विचारून पाहिलं, पण दोघंही ताकास तूर लागू देत नाहीत. उगाच कोणी गोड वागत नाही, हे आईनेच शिकवलंय ना आपल्याला?

कारखान्यातही तेच. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करून बघायचा आणि चूक दिसली तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची, हे माझं काम. तेव्हा मला संशयी म्हणू नकोस, मला त्याचाच पगार मिळतो. तर आता जेवणाच्या सुट्टीनंतर मालकांनी ‘शांतीचा तास’ काढलाय. एक बाई येतात, डोळे मिटायला लावतात आणि म्हणतात, ‘स्वतःशी जिवलग मैत्रिणीसारखं बोला.’ मी एक डोळा उघडाच ठेवते. फुकटात शांती कोण वाटतं गं? यामागून जादा पाळी येणार, लिहून ठेव.

त्यात सोमवारी माझा पचका झाला. पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा आला, प्रत्येकाच्या खिशापाशी फिकट डाग. मी बाण लावत सुटले, अख्खा गठ्ठा नापास केला. सुपरवायझरबाईंनी एक शर्ट उचलून खिडकीपाशी नेला, तर डाग गायब! माझ्या टेबलावरच्या दिव्याच्या काचेला मशीनचं तेल लागलं होतं, त्याची ती सावली. सगळ्या हसल्या. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, दमलात तुम्ही. आज घरी जा, झोप काढा.’ झोप काढा म्हणे! म्हणजे उद्यापासून येऊ नका, दुसरं काय? अजून तरी कामावरून काढलेलं नाही, पण माझं लक्ष आहे.

घरी आले, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला, तोंड धुतलं. असो.

आता कामाचं बोलते. हे तुला फोन करतील. तुमच्या दोघींचं काय बिनसलंय असं विचारतील. तू फक्त ‘हो, भांडलोय’ म्हण. खोदून विचारलंच तर आईच्या शिलाई मशीनवरून म्हण.

चक्रावलीस ना? अगं, त्या दिवशी हे आधीच घरी आले होते, मला पत्ताच नाही. बाथरूमचं दार उघडलं तर हे समोर उभे. म्हणाले, ‘कोणावर एवढी चिडलीस? “लाज नाही वाटत? तुझ्याने एक काम धड होत नाही, कशाला तोंड दाखवतेस जगाला?” इतकं टाकून कोणाला बोललीस?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ताईला.’ दुसऱ्या कोणाचं नाव घेणार? यांनी फक्त टेबलाकडे बघितलं. माझा फोन तिथेच पडला होता.

आत कोणी नव्हतं, ताई. मीच होते. आणि हे सोमवारचंच नाही. बसमध्ये मनातल्या मनात, घरी नळाच्या आवाजात, रोजच चालतं. जे शब्द मी वैऱ्यालाही वापरणार नाही, ते स्वतःला सर्रास वापरते. एवढं तरी बोललं नाही तर मी अगदीच ढिली पडेन, अशी भीती वाटते.

इथवर लिहून पत्र पाकिटात घालणार होते. पण मधेच उठावं लागलं. छोटी आतल्या खोलीत शाळेसाठी पुठ्ठ्याचं घर चिकटवत होती, त्याचं छप्पर कोसळलं. दार अर्धवट उघडं होतं. ती हळूच म्हणत होती, ‘लाज नाही वाटत? तुझ्याने एक काम धड होत नाही.’ सूर माझाच. ‘एक’वरचा जोरसुद्धा माझाच.

मी आत गेले तर तिने घर पाठीमागे लपवलं.

‘कोणाला बोलतेस गं?’

माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मावशीला.’

मी खालीच बसले. तिला ओढून मांडीवर घेतलं, आता मावत नाही तरी. म्हटलं, ‘मावशीशी आपलं कधी भांडणच झालेलं नाही.’

‘मग तू कोणाला बोलत होतीस?’

‘मला.’

‘का? काय केलं होतंस तू?’

‘दिव्याच्या काचेवर तेल होतं, ते मला दिसलं नाही.’

ती वाट बघत राहिली, पुढे काहीतरी मोठं येईल म्हणून. मग म्हणाली, ‘एवढंच?’

ताई, मी खूप शोधलं. पुढे काहीच नव्हतं. ‘एवढंच,’ मी म्हटलं, आणि मला इतकं रडू आलं की तीच मला थोपटायला लागली. मी तिला थोपटू दिलं. गंमत म्हणजे, यामागे हिचा काय डाव असेल असं एकदाही मनात आलं नाही.

तेव्हा यांचा फोन आला तर वर लिहिलंय तसं काही सांगू नकोस. आपलं भांडण नाही म्हण. माझं कोणाशी आहे, ते मीच सांगते त्यांना. आता उठते, छप्पर दोघी मिळून चिकटवणार आहोत. वाकडं बसलं तर वाकडं.

तुझ्यावर कधीच न रागावलेली, आणि स्वतःवरचा राग आजच्या दिवस बाजूला ठेवून बघणारी,

तुझी धाकटी