चष्मा शेवटी

प्रिय दादा,

माथेरानच्या त्या बंगल्याच्या पायरीवर बसून लिहितेय, जिथे आत्ता तू असायला हवा होतास. आपल्या कळव्याच्या विहारात मी मुलांची अभ्यासिका चालवते. इथल्या कला महोत्सवात त्यांची चित्रं लागली, म्हणून त्यांना घेऊन आले. पोरं घोडे बघून वेडी झाली. मला मात्र वर आल्यापासून कुणीतरी मागे चालतंय असं वाटत होतं. धुक्यात लाल वाट, दोन्ही बाजूंना गोऱ्या साहेबांच्या काळातले बंद बंगले, आणि टपरीपासून हॉटेलपर्यंत पाट्यांवर अक्षरांचं कुठेतरी पाहिलेलं वळण.

या बंगल्यात आता चित्रांचं दालन आहे. व्हरांड्यात जुन्या पारशी मालकाचं मोठं चित्र उभं होतं. कोट, टोपी, मिशा, डोळेसुद्धा झालेले. तरी तो कुणाकडेच बघत नव्हता. दालन सांभाळणाऱ्या तुळसामावशी म्हणाल्या, "चष्मा राहिलाय गं त्याचा. पेंटर ऐकत नाही. चष्मा शेवटी, म्हणतो." चौदा एप्रिलच्या बॅनरवर बाबासाहेबांना तू असाच सगळ्यात शेवटी चष्मा घालायचास. अख्खी चाळ खाली थांबलेली असायची. घातलास की ओरडायचास, "आता बघतायत हां, नीट उभे राहा!"

मी नाव विचारलं. "सम्यक. आत्ता तर इथेच होता." स्टुलावरचा चहा अजून गरम होता. मी मागच्या झाडीत जाऊन हाका मारल्या. कुणीच ओ दिली नाही. मला बघून निघून गेलास का, ते मी विचारणार नाही.

तू अर्धं टाकलेलं बाबांचं चित्र घरी तसंच आहे. "बोर्ड रंगवून घर चालतं का रे? वागळे इस्टेटला कंपनीत चिकट," एवढंच ते म्हणाले होते, आणि तू ब्रश ठेवून निघालास. मग बाबा ते चित्र कुणाला हलवू द्यायचे नाहीत. दारात तरुण पोरगा दिसला, की चष्मा चाचपडत विचारायचे, "कोण? सम्यक का?" आई म्हणायची, "अहो, सिलेंडरवाला." मी ग्रॅज्युएट झाले, तेव्हाही हातात पेढा धरून आधी दाराकडे बघितलं त्यांनी.

'विचारायचे' असं का लिहिलं, ते तुला कळलं असेल. दादा, बाबा गेले. येत्या रविवारी पुण्यानुमोदन आहे. आई स्टुडिओतला फोटो लावायला तयार नाही. "सम्यकने काढलेलंच लागेल," म्हणते. पण त्या चित्रातले बाबा आपल्याला बघतच नाहीत रे. जेवायला बसलो की अंगावर येतं. त्यांचा चष्मा ते गेले तेव्हापासून माझ्या पर्समध्ये आहे. तो रुमालात बांधून या पत्रासोबत तुळसामावशींकडे ठेवतेय. हुबेहूब काढायला समोर लागेल ना तुला? चित्र घरी आहे, चष्मा तुझ्याजवळ.

तुझीच,
मेघू