मुनीमजींचा आहार

धुळे, ९ जून

प्रिय पलक,

बुधवारी मी मुनीमला पेटीसकट तुमच्याकडे रावेरला सोडून आलो. त्याचे लटपटणारे पाय बघून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील, म्हणून आधी माझी बाजू ऐकून घे. फोनच करणार होतो, पण तुझा नंबर मी चौदा महिन्यांपूर्वी रागाच्या भरात काढून टाकला आणि आता तुझ्या भावाकडे, पुनीतकडे मागायची लाज वाटते. घरात आपण मारवाडी बोलत असलो तरी मी शिकलो मराठी शाळेत, मनातलं लिहायचं तर मला मराठीतच जमतं.

तू कुंदनशी लग्न करायला गेलीस तेव्हा दोन ड्रेस आणि सर्टिफिकिटं नेलीस, आणि हा ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा आमच्या गळ्यात टाकलास. जिथे पाणीसुद्धा गाळून पितात त्या घरात. त्याच्या पेटीच्या काचेवर एक चिठ्ठी: ‘सकाळी सातला दिवा लावा, संध्याकाळी सातला बंद करा, पालक देऊ नका.’ बस्स. एवढ्यावर माणसाने काय करायचं? दिवसभर दगडावर अर्धे डोळे मिटून बसतो म्हणून तू त्याचं नाव मुनीम ठेवलंस, पण मुनीम निदान मालकाला ओळखतो. मी खोलीत पाऊल टाकलं की हा दाढी फुगवून काळीकुट्ट करायचा. माझ्या घरात, मलाच. मी तुझ्या मम्मीला म्हटलं, सोनगीरपलीकडे एखाद्या शेतात सोडून येतो. ती म्हणाली, “दारात आलेला जीव हाकलायचा नाही.” दुकानातला वना पेटीत डोकावून म्हणाला, “शेठ, हाऊ तं सरडा शे,” आणि माझ्याकडे असं बघितलं की मला त्याला चहाला पाठवावं लागलं.

मग एकोणसाठ वर्षांचा मी रोज सकाळी शेवग्याचा पाला आणि लसूणघास शोधत बाजारात फिरू लागलो. भाजीवालीने विचारलं, शेठ, बकरी पाळली का? मी हो म्हटलं. खरं काय ते सांगण्यापेक्षा ते बरं होतं. डिसेंबरात त्याने खाणं सोडलं, लाकडाच्या ओंडक्याखाली जाऊन पडला, हलेना. मम्मी तीन दिवस पेटीजवळ बसून नवकार म्हणत होती. विसाव्या दिवशी महाराज उठले, दगडावर चढले आणि नाश्त्याला उशीर झाल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. हे प्राणी थंडीत असे झोपतात म्हणे. चिठ्ठीत ही एक ओळ लिहायला तुझं काय जात होतं?

एप्रिलमध्ये पाय थरथरायला लागले, दगडावर चढता येईना. इथले गुरांचे डॉक्टर सरळ माणूस, म्हणाले, “म्हशीचं विचारा, सांगतो,” आणि त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. त्यांनी व्हिडिओवर त्याला पाहिलं, पेटीतली उन्हासारखा उजेड देणारी पांढरी नळी दरवर्षी बदलायची असते म्हणाल्या, कॅल्शियमची पूड लिहून दिली. मग विचारलं, “किडे किती देता?” मी म्हटलं, “आम्ही जैन आहोत, तो पालाच खातो.” त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही जैन आहात. तो नाही.”

मी पुनीतला नाशिकला फोन लावला, तेव्हा त्याने सगळं ओकलं. आम्हाला ‘तो पालाच खातो’ असं सांगून तीन वर्षं तू गच्चीवर टाकीमागे कोंड्याच्या टबात अळ्या वाढवत होतीस. तू गेल्यावर तो स्वतः सीएच्या अभ्यासाला जाईपर्यंत त्या घालत होता. ज्या गच्चीवर मम्मी मुगाचे पापड वाळत घालते तिथे! मी अर्धा तास त्याला झोडपलं. मम्मीने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं रडेल. तिने एवढंच विचारलं, “पलक खोटं का बोलली?” पुनीत म्हणाला, “खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याला घरात ठेवलं असतं का?” तिने फोन खाली ठेवला.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गुन्हा तुम्हा दोघांचा, अबोला माझ्याशी. तिसऱ्या दिवशी सामायिकाचं ध्यान आटोपून उठली आणि म्हणाली, “माझ्या हाताने किडे घालणं माझ्याच्याने व्हायचं नाही. पण आपल्या नेमापायी तो झिजतोय, हे पापही आपल्याच माथी. त्याला पोरीकडे पोचवा.” चौदा महिन्यांत या घरात तुझ्याकडे जायची गोष्ट पहिल्यांदा निघाली.

गाडीत मागच्या सीटवर पेटी, पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि कुंदनला काय काय सुनवायचं त्याची मी वाटभर तयारी केली. रावेरला ट्रकमध्ये केळी भरतात तिथे कुंदनचं घर विचारलं, तर तोच ट्रकमागून पुढे आला. हात केळीच्या चिकाने काळे. त्याने मला ओळखलं, आधी हात धुतले, मग वाकला. पेटी उघडून मुनीमला त्याने छातीशी धरलं, आणि चौदा महिने मला दाढी दाखवणारा तो प्राणी त्याच्या शर्टाला चिकटून डोळे मिटून पडला. मला दोघांचाही राग आला. तयार केलेली सगळी वाक्यं सोडून मी कॅल्शियमची पूड तेवढी पेटीवर ठेवली. तो म्हणाला, “काका, तासभर थांबा, ती जळगावहून येईलच.” मी दुकानाचं कारण सांगितलं.

गाडीत बसताना सहज विचारलं, जळगावला काय काम काढलं? तो म्हणाला, “दवाखान्यात गेलीय, सातवा लागलाय ना.” आम्हाला माहीत आहे असंच त्याला वाटलं होतं. मी मान हलवली आणि निघालो. एरंडोलच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, बराच वेळ पुढे चालवता येईना. घरी येऊन मम्मीला सांगितलं. ती वर गेली आणि तुझी खोली धुवायला काढली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पलक. हे पत्र त्यासाठी आहे. सरड्याचं निमित्त मिळालं नसतं तर मी अजून किती महिने गप्प बसलो असतो कोण जाणे. तोवर त्या पेटीत तू हात घालू नकोस, डॉक्टरीणबाई म्हणतात गरोदर बाईने सांभाळून राहावं. कुंदन बघेल त्याचं. तुला न्यायचं विचारायला बावीस तारखेच्या रविवारी आम्ही दोघं येतो, तुझे सासरे तोतारामभाऊ यांना तसं सांगून ठेव. मम्मी विचारते आहे, तुमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण होऊ शकेल का? कांदा, लसूण, बटाटा नको. बाकी तुझ्या सासूबाई जे वाढतील ते ती खाईल.

तुझाच,
पप्पा