एकदा हात फिरवा

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं असेल. उघडल्याबरोबर आई म्हणणारच, की एवढं शिकून पोरीने कोळसा केला. म्हणू दे! माझ्या डिझाइनचं हे पहिलं घड्याळ, आणि सध्या जगात एवढं एकच आहे. केस काळी, पट्टा काळा, तबकडी काळी, काटेसुद्धा काळे. पोहणाऱ्यांनी, डोंगर चढणाऱ्यांनी घालायचं दणकट घड्याळ आहे. पण किंमत अशी, की ते घालून डोंगर चढायची हिंमत कोण करणार, देव जाणे.

पंधरवड्याने ते मालकांपुढे ठेवायचं आहे. त्यांना पटलं तर बनणार, नाहीतर बासनात. जन्मभर तुमच्या हाताखालून घड्याळं गेली, बाबा. याच्यावरही एकदा हात फिरवा, म्हणजे मला धीर येईल. मग लगेच परत पाठवा.

आईला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ नये.

तुमची,
ठकू

९ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

घड्याळ आजच परत पाठवलं. अगं, तुझी आई कोळसा नाही म्हणाली, तवा म्हणाली. तेवढाच फरक.

हात फिरवा म्हणालीस, मग मी काय मागे राहतो! निवृत्त झाल्यापासून मागच्या खोलीतलं पॉलिशचं चाक धूळ खात पडलं होतं. त्याला नवं कापड बसवलं आणि कडेपासून सुरुवात केली. वरचा काळा थर बराचसा निघाला, पण आतलं स्टील काय उजळलंय म्हणून सांगू! आरसा नको, त्यातच तोंड पाहून घे. एवढी मोठी झाली तरी पोरीला बापाचा हात लागतो, हे मी आईला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी ती उठून स्वयंपाकघरात गेली. मालकांना सांग, घरचं काम आहे.

वेळेवर जेवत जा. पत्राची वाट पाहतो.

बाबा

२२ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. काल तुझ्या दादाने सांगितलं, की मालकांनी घड्याळ नुसतं पाहिलं आणि बाजूला सारलं. ते काळंच राहायला हवं होतं, तू फक्त मायेने हात फिरवायला सांगितलं होतंस, हेही तोच म्हणाला. आमच्या कारखान्यात हात फिरव म्हणजे पॉलिश कर, त्याला दुसरा अर्थच नव्हता. पण लिहिणारी माझी पोर आहे, फोरमन नव्हे, एवढं कळू नये मला?

खरी रुखरुख वेगळीच आहे. घड्याळ आलं त्या दिवशी मी ते घेऊन खिडकीशी बसलो होतो. काळ्यात इतके काळे असतात, हे जन्मात पाहिलं नव्हतं. तबकडी पाटीसारखी, काटे रेशमी, आणि बाहेरचं कडं ओल्या दगडासारखं गार. आईला म्हणालोसुद्धा, की पोरीने सोळा आणे काम केलंय, याला आता काही करायची गरज नाही. तरी चाक सुरू केलं. वाटलं, तसंच परत पाठवलं तर तू म्हणशील, बाबांना आता जमत नाही. कुठून ही अवदसा आठवली!

दुसरं करता येणार नाही का गं? रागव, पण दोन ओळी लिही.

बाबा

३० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन उचलला असता तर भांडले असते. खूप चिडले होते. दादाशी बोलतानाही तुमची विचारपूस केली नाही, त्याचं आता वाईट वाटतं. दुसरं होणार नाही, बाबा. मालकांनी दुसऱ्या एकाचं सोनेरी घड्याळ घेतलं, माझा विषय मिटला. आणि चूक माझीही आहेच. पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्याशी नेऊन उभं करायचं आणि तो भिजला म्हणून रडायचं, त्यातली गत.

ते घड्याळ मी रोज घालते. ऑफिसात विचारतात, याला झालं तरी काय. मी सांगते, घरचं काम आहे.

मालकांच्या आधी ते तुमच्याकडे का पाठवलं, सांगू? लहानपणापासून माझं काहीही पाहिलं, की त्यात अजून काय करायला हवं तेवढंच तुम्ही सांगत आलात. याला आता काही करायची गरज नाही, असं तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. तुम्ही तसं म्हणालातही. पण आईला.

लोभ आहेच. तो यापुढे मलाही सांगत जावा, ही विनंती.

तुमची,
ठकू