दंतवैद्यांनी वाचलेलं पत्र

दि. ३ मार्च

चि. ठमी हिस मामाचे भरघोस आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक तक्रार.

विषय गंभीर आहे, तेव्हा हातातलं मेण खाली ठेवून वाच. काल तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं. मी चष्मा पुसला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि मोठ्या अपेक्षेने पाकीट फोडलं. आत पत्र नव्हतं. तुमच्या दातांच्या लॅबमधली छापील चिठ्ठी होती. तीवर लिहिलेलं : रुग्ण पुरुष, वय एकाहत्तर. वरची पूर्ण कवळी. पुढचे दोन दात किंचित वाकडे बसवावेत, रुग्णाचा आग्रह.

मी याचा तीव्र निषेध करतो. प्रथमतः, माझं वय चोपन्न आहे. द्वितीयतः, माझे एकोणतीस दात जागच्या जागी असून त्यांतला एकही वाकडा नाही. वाकडं आहे ते तोंड, आणि ते तुझ्या आईच्या मते जन्मजात आहे. तृतीयतः, पत्राची वाट पाहणाऱ्या सख्ख्या मामाच्या हाती परक्याचा जबडा ठेवावा, याला कुठल्याच शास्त्रात आधार नाही. त्या गृहस्थांबद्दल मात्र आदर वाटला. नवे दात करून घेताना जुना वाकडेपणा मागून घेणारा माणूस शाळेत संस्कृतच घेऊन बसला असणार.

हा पत्रांचा खटाटोप तूच सुरू केलास, हे विसरू नकोस. फोनवर बोललेलं माझ्याजवळ राहत नाही मामा, तू लिहीत जा, म्हणजे परत वाचता येईल, असं म्हणालीस. मी मुकाट्याने तिकिटं आणली. आता माझं पत्र गेलं कुठे तेवढं कळव. कुणी दंतवैद्य तुझी खुशाली वाचत बसला असेल, तर त्याला म्हणावं, उत्तर सविस्तर लिही.

ताई, म्हणजे तुझी मातोश्री, बरी आहे. तुझा नवा फोटो तिने पाहुण्यांना, दूधवाल्याला आणि मीटर बघायला आलेल्या माणसाला दाखवून झाला. तारुण्यपीटिकांचा मागमूस नाही, पोरीचा चेहरा कसा नितळ झालाय, असं ती दर वेळी म्हणते. मीटरवाल्यानेही दुजोरा दिला.

प्रेम आहे तसं राहू दे, फक्त पाकीट बंद करण्याआधी आत डोकावत जा.

तुझा,
मामा

---

दि. ६ मार्च

ती. मामास सा. न.

वि. वि. की, घात झाला.

तू विनोद म्हणून लिहिलंस ते खरं निघालं. त्या गृहस्थांचे दात नक्की किती वाकडे हवेत, हे विचारायला ती चिठ्ठी दंतवैद्यांकडे परत जायची होती. दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी होती. चिठ्ठी तुला आली. तुझी चार पानं त्यांच्याकडे गेली. आणि ते दंतवैद्य म्हणजे आमच्या लॅबचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आमच्या बाईंशी, म्हणजे मालकीणबाईंशी, त्यांचं रोज बोलणं होतं.

त्या चार पानांत काय होतं ते तुला पुन्हा सांगते. एवढं सगळं कुणाला पहिल्यांदाच लिहिलं होतं. पुटकुळ्यांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी सात महिने घेतल्या. ओठ फाटले, डोळे कोरडे पडले, पण चेहरा बशीसारखा गुळगुळीत झाला. चौथ्या महिन्यापासून डोकं बधिर व्हायला लागलं. शब्द जिभेवर येतात आणि उंबऱ्यावरूनच परत जातात. काल काय केलं ते आठवायला खिसे चाचपावे लागतात. गोळ्या बंद करून दहा महिने झाले. चेहरा नितळ राहिला, हेही तसंच राहिलं.

त्वचेचे डॉक्टर म्हणाले, असं सहसा होत नाही. मी म्हटलं, मलाही सहसा होत नव्हतं. मग मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बहात्तरवर मी त्यांनाच विचारलं, आपण कुठवर आलो. त्या हसल्या नाहीत, नीट ऐकून घेतलं. तपासण्यांत काही निघालं नाही. गोळ्यांनीच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, नाही असंही सांगता येत नाही. बऱ्याचदा हळूहळू निवळतं. झोप घ्या, चाला, लिहून ठेवा, असं म्हणाल्या.

तर मी लिहून ठेवते. आरशावर चिठ्ठी : गॅस. दारावर चिठ्ठी : किल्ली, डबा, बर्नर बंद केलास का. एक चिठ्ठी फक्त बाकीच्या चिठ्ठ्या वाच असं सांगायला आहे. घर इतकं सुशिक्षित कधीच नव्हतं.

पण लॅबमध्ये चिठ्ठ्या कशा लावणार? तिथे कुणाला सांगितलेलं नाही. दोन महिन्यांत दोनदा मेण आचेवर विसरले, एकदा एका बाईंची खालची कवळी दुसऱ्या बाईंच्या साच्यावर बसवत होते. हे सगळं त्या पत्रात आहे. शिवाय बाई चष्म्यावरून बघतात तेव्हा घुबडासारख्या दिसतात, हेही आहे. हे काम गेलं तर मला दुसरं काही येत नाही, मामा. सहा वर्षं फक्त दात केलेत.

काय करू? आईला सांगू नकोस. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ठमी

---

दि. ९ मार्च

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद, पैकी निम्मे ताबडतोब वापरायला काढ.

घाबरू नकोस. परिस्थिती बिकट आहे, पण साहित्यशास्त्र आपल्या बाजूने आहे. दंतवैद्यांना कळवायचं की ते पत्र नव्हतंच, तू लिहीत असलेल्या कथेचं एक प्रकरण होतं. मसुदा सोबत जोडला आहे. सुरुवात अशी : सदर लेखन सर्वस्वी काल्पनिक असून त्यातील घुबडाचे कोणत्याही हयात व्यक्तीशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. खाली सही करून पाठवून दे. दातांच्या माणसाला वाङ्मयावर शंका घ्यायची हिंमत होत नाही. बाईंपाशी मौन. ज्यांना माहीत नाही त्यांना माहीत करून देण्याची तुला काय घाई आहे?

आता उपचार. आमच्या गुरुजींनी आमची डोकी पितळी भांड्यांसारखी घासून लख्ख केली होती. चिंच म्हणजे पाठांतर, राख म्हणजे छडी. पैकी राख सोडून देऊ. सोबत वीस शब्दांची यादी पाठवतोय, पाण्याचे, कमळाचे आणि हत्तीचे प्रतिशब्द. येरझारा घालत रोज मोठ्याने म्हण. शेजारी तक्रार करतील, ती प्रगतीची खूण समज. आठवड्याने मला न बघता लिहून पाठव.

ताईला सांगणार नाही. सांगितलं तर ती पुढच्या गाडीने तुझ्या दारात उभी राहील, आणि त्या सगळ्या चिठ्ठ्या अक्षर चांगलं नाही म्हणून पुन्हा लिहून काढेल.

माझ्या संस्कृतच्या वर्गात यंदा अकरा मुलं आहेत. त्यांतली तीन चित्रकलेचा वर्ग समजून आली होती, आता लाजेखातर बसतात. त्यांच्यापेक्षा तुझं खूप बरं चाललंय.

दूर असलो तरी पाठीशी आहे, हे धरून चाल.

तुझा,
मामा

---

दि. २४ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझा मसुदा तीन दिवस खणात ठेवला होता. पाठवला नाही. रागावू नकोस, भाषा झकास होती.

झालं असं की ते एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ मेणातले दात बसवून बघायला दंतवैद्यांकडे गेले. मेणावर दात मी लावले होते, सरळ, ओळीत, शाळेच्या कवायतीसारखे. चिठ्ठी तुझ्याकडे, आणि त्यांचा काही आग्रह होता हे माझ्या डोक्यातून साफ गेलेलं. तुझं पत्र घरात, त्यात तो आग्रह शब्दशः लिहिलेला, तरीही. गृहस्थांनी आरशात पाहिलं आणि विचारलं म्हणे, हा कोण. बायको गेल्यापासून ते घरात एकटे असतात. निदान आरशात तरी ओळखीचं माणूस भेटावं एवढंच माझं म्हणणं होतं, असं ते म्हणाले.

हे बाईंनी मला येऊन सांगितलं, आणि चिठ्ठी कुठाय असं विचारलं. कथेचं प्रकरण वगैरे काही तोंडातून निघेना. मी सगळं सांगितलं. गोळ्या, मेण, दुसऱ्या बाईंचा साचा, तुझ्याकडे गेलेली चिठ्ठी. घुबड सोडून सगळं.

बाई म्हणाल्या, त्यांना थंडीपासून माहीत होतं. गोळ्यांचं नाही, चुकांचं. मी घरी गेले की रोज माझा ट्रे त्या तपासत होत्या. कधी सांगशील याची वाट पाहत होते, म्हणाल्या, आणि वाट पाहून माझे डोळे गेले. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता असं ठरलंय. तीन महिने माझ्यासमोर एका वेळी एकच ट्रे. पूर्ण कवळ्या बंद, फक्त सुट्या दाढा. साच्यावर रुग्णाचा नंबर माझ्या हाताने लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. चिठ्ठ्या हव्या तितक्या लावायची मुभा. जूनअखेर चुका थांबल्या तर टेबल माझं. नाही तर पुढच्या खोलीत फोन घ्यायला बसायचं. मला, मामा, फोन घ्यायला.

दंतवैद्यांनी पत्र परत पाठवलं. सोबत एक ओळ होती : वाचलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल, घुबडाबद्दल सहमत आहे, बोलणार नाही.

गृहस्थांचे दात बाईंनी वाकडे करून दिले. मी शेजारी उभी राहून बघितलं.

तुझी यादी चार दिवस म्हटली. सातव्या वर्षी तू मला खांद्यावर घेऊन शिकवलेलं सगळं अजून घडाघडा येतं. या विसांतला एकही शब्द दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही. कागद परत पाठवतेय.

आता एक मागणं. एक पत्र विनोदाशिवाय लिही. डिसेंबरात मी घरी आले होते तेव्हा तुला काही जाणवलं होतं का? आईला विचारता येत नाही. खरं सांग.

आहे तशी आपली म्हण, हीच विनंती.

तुझी,
ठमी

---

दि. ३० मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र येऊन चार दिवस झाले. उशीर पोस्टाचा नाही, माझा आहे.

आधी एक कबूल करतो. बाईंपाशी गप्प राहा हा माझा सल्ला वाईट होता. तू तो मानला नाहीस, हे तुझं डोकं ठिकाणावर असल्याचं माझ्या मते पुरेसं प्रमाणपत्र आहे. तो विनोद झाला का? झाला असेल तर सोडून दे. सवय एका पत्रात जात नाही.

हो, जाणवलं होतं. जेवताना तू एका बाईंची गोष्ट सांगितलीस. त्यांनी कवळी ठेवलेल्या ग्लासातलंच पाणी पाहुण्याला दिलं होतं. आम्ही पोट धरून हसलो. तासाभराने तू तीच गोष्ट पुन्हा पहिल्यासारखी सांगितलीस. मला वाटलं, माझी फिरकी घेतेयस. चहाच्या वेळी तिसऱ्यांदा सांगितलीस, त्याच ठिकाणी थांबलीस, त्याच ठिकाणी हात उडवलास. तेव्हा मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, कारण ताईने भाजी निवडता निवडता मान वर केली होती. तिने बघू नये म्हणून हसलो. मग तुला चमचा हवा होता. तो शब्द तुला सापडेना, तू हवेत बोट फिरवून दाखवलंस. मी चमचा दिला आणि काहीतरी चावट बोललो. काय ते आता आठवत नाही.

मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तू हो म्हणशील म्हणून.

ती यादीही औषध म्हणून पाठवली नव्हती. तू आठ दिवसांत ती पाठ करून माझ्या तोंडावर फेकशील आणि डिसेंबरातलं सगळं माझ्या मनाचे खेळ होते असं सिद्ध होईल, यासाठी पाठवली होती. तुझ्या आजाराची परीक्षा नव्हती ती, माझ्या भीतीची होती. त्यात तुझे चार दिवस गेले, त्याबद्दल मामा असूनही माफी मागतो.

पुढच्या शनिवारी मी येतोय. हे दारावर लिहून ठेव. त्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जायचं असेल तर बरोबर येईन आणि बाहेर बसेन. ताईला तू सांगायचं ठरवलंस तर मी शेजारी बसेन, नाही ठरवलंस तर तोंड उघडणार नाही.

आता राहिलेलं. तुझं टेबल राहतं की जातं याची मला काळजी आहे, पण खरी काळजी ती नाही. गेलं टेबल तर दुसरं काही शोधू. तू आता पहिल्यासारखी होणार नाहीस, याची मला भीती वाटते. डिसेंबरापासून वाटते. डॉक्टरांना माहीत नाही, मला तर नाहीच. रोज सकाळी वर्गात जायच्या आधी पहिला विचार हाच येतो, आणि यावर मला काही सुचत नाही.

तुझाच,
मामा